पितळ उजळण्याचें यंत्र व आमची चूक

नाताळच्या आदल्या रात्रीं आमच्या शाळेच्या उपासनामंदिरांत ज्या मेणबत्त्या लागतात, त्यांच्यासाठीं पितळेच्या ४८ लहान वाट्या आहेत. वर्षभर त्या पेटींत पडून असतात. डिसेंबर उजाडला, कीं पेटी उघडते आणि वसतिगृहांतील मुलें चिंच, राख व चिंध्या घेऊन विहिरीजवळच्या ओट्यावर बसतात. वाटी लहान, तिचा तळ अरुंद आणि कांठावर वेलबुट्टी कोरलेली. त्यामुळें बोट आंत शिरत नाहीं व मेणाची काजळी बाहेर निघत नाहीं. दोन दिवस घासून हात सुरकुततात. परंतु नाताळच्या रात्रीं दिव्यांची ती रांग पाहिली म्हणजे श्रमांचा विसर पडतो. आमच्या वाचकांपैकीं कित्येक पालकांनींही आपल्या विद्यार्थिदशेंत या वाट्या घासल्या असतील.

या वाट्यांबरोबरच वेदीच्या दोहों बाजूंस दोन उंच फुलदाण्या ठेवितात. त्या मुळांत फुलदाण्या नव्हत. पहिल्या महायुद्धांत तोफेंतून गोळा उडाल्यावर मागें राहणाऱ्या त्या पितळी पुंगळ्या होत. आमच्या मंडळींतील एका वृद्ध बाईंचे आजोबा त्या युद्धांत खेचरांच्या तांड्याबरोबर मेसापोटेमियांत, म्हणजे आजच्या इराकांत, गेले होते. परततांना त्यांनीं ही जोडी आणिली. पुंगळ्यांचीं तोंडें ठोकून पाकळ्यांसारखीं वळविलेलीं आहेत, आणि अंगावर खिळ्यानें ठिपके पाडून त्यांचें नांव, ‘बगदाद’ हा शब्द व १९१७ हा आंकडा काढिलेला आहे. ब्रिटिश व हिंदी फौजेनें बगदाद शहर ११ मार्च १९१७ रोजीं घेतलें, हें इतिहासाच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच. जी वस्तु तोफेच्या पोटांत होती, ती आतां शेवंतीचीं फुलें घेऊन वेदीजवळ उभी आहे, हें पाहून तरवारींचे नांगर होतील असें भविष्य सांगणाऱ्या यशया संदेष्ट्याची आठवण कोणासही व्हावी.

मागील शालेय वर्षीं ऐन पावसाळ्यांत मंदिराचें छप्पर दुरुस्त करावें लागलें. तेव्हां आंतील सामान हलविलें. फुलदाण्यांपैकीं एक आम्हीं आपल्या घरीं नेली. दुसरी आवाराच्या टोंकाला असलेल्या कोठीच्या खोलींत ठेवावयाची ठरली, आणि ती तेथें नेण्याचें काम आठवीच्या वर्गांतील एका मुलाकडे दिलें. ऑक्टोबरांत ती बाहेर काढिली, तों तिच्या कांठापासून खालीं चार बोटें लांब अशी एक उभी भेग दिसली.

आम्हीं त्या मुलास वर्गांत उभें केलें व विचारलें, “फुलदाणी हातून पडली का रे?”

“नाहीं, सर. मीं ती दोन्ही हातांनीं नेली, कोपऱ्यांत ठेविली आणि वर पोतें घातलें.”

“मग भेग काय आपोआप पडली?”

यावर तो गप्प राहिला. त्याचें तें गप्प राहणें हाच आम्हांस कबुलीजबाब वाटला. आम्हीं त्यास शिक्षा केली नाहीं. मात्र फुलदाणी फोडण्यापेक्षां खरें बोलण्याचें धैर्य नसणें अधिक वाईट आहे, असें सर्व वर्गादेखत सुनावलें. आणि शिक्षा न केल्याबद्दल आपण मोठी दया केली, असेंही समजलों. त्या दिवसापासून तो मुलगा पितळ घासण्याच्या कामास येईनासा झाला. त्याचें कारण आम्हीं त्याच्या मनांतील अपराधाची टोंचणी असें ठरविलें. मनुष्याची एकदां समजूत झाली, कीं त्यास प्रत्येक गोष्ट त्याच समजुतीची साक्ष देऊं लागते.

यंदा नोव्हेंबरांत पेटी काढण्याचा विषय निघाला, तेव्हां नववींतील एका मुलीनें विचारलें, “सर, हें काम करणारें यंत्र नसतें का?” प्रश्न साधा होता, परंतु त्यानें आमच्या विज्ञानमंडळास दोन महिन्यांचा उद्योग दिला.

असें यंत्र आहे, आणि तें लोक घरच्या घरीं तयार करितात. अमेरिकेंत नेमबाजीचा छंद असणारे पुष्कळ गृहस्थ एकदां उडविलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या टाकून न देतां पुन्हां भरून वापरतात. भरण्यापूर्वीं पुंगळी साच्यांत दाबून तिचा आकार नीट करावा लागतो. तिच्या अंगावर वाळूचा एक कण जरी राहिला, तरी साचा व पुंगळी या दोहोंस ओरखडे पडतात. म्हणून एका पिंपांत पुंगळ्या आणि मक्याच्या सुक्या कणसांचा किंवा अक्रोडाच्या कवचांचा भरडा घालून तें पिंप कांहीं तास हळूहळू फिरवितात. भरड्याचे कण पुंगळ्यांवर घासत राहतात, मळ शोषून घेतात आणि पितळ उजळते. कांहीं जण भरड्याऐवजीं पाणी, साबण व पोलादी तारेचे बारीक तुकडे घालितात. आपल्या देशांत परवान्यावांचून काडतुसें भरणें हा गुन्हा आहे. आणि नेमबाजीच्या मैदानावर उडविलेली प्रत्येक पुंगळी मोजून परत द्यावी लागते, हें आमच्या एन. सी. सी. च्या मुलांस चांगलें ठाऊक आहे. तेव्हां पुंगळ्यांशीं आम्हांस कर्तव्य नव्हतें. परंतु मेणबत्तीच्या वाट्यांस हीच युक्ति कां लागूं पडूं नये?

भंगारवाल्याकडे पाव अश्वशक्तीची एक जुनी मोटर मिळाली. ती मिनिटास सुमारें १४४० फेरे घेते. मोडक्या बाकांच्या लाकडांची चौकट केली. तिच्यावर दोन लोखंडी रूळ बेअरिंगांत आडवे बसविले, आणि पिंप घसरूं नये म्हणून त्यांवर सायकलच्या जुन्या ट्यूबचें रबर चढविलें. रबरासह रुळाचा व्यास ३ सेंटिमीटर झाला. त्या दोन रुळांवर २४ सेंटिमीटर व्यासाचें, फिरकीच्या झांकणाचें, प्लास्टिकचें एक लहान पिंप आडवें ठेविलें व मोटर एका रुळास जोडिली. विजेची जोडणी आणि मोटरीभोंवतालची जाळी मात्र जाणत्या कारागिराकडून करून घेतली. मुलांनीं हें काम आपल्या हातीं घेऊं नये, हें येथें आवर्जून सांगतों.

पिंपांत वाट्या व भरडा घालून कळ दाबिली. पिंप गरगर फिरूं लागलें. मुलांनीं टाळ्या वाजविल्या. अर्ध्या तासानें झांकण उघडून पाहतों, तों वाट्या होत्या तशाच काळ्या!

मग फळ्यावर गणित मांडलें. रूळ ३ सेंटिमीटरांचा आणि पिंप २४ सेंटिमीटरांचें. म्हणजे रुळाचे आठ फेरे झाले, कीं पिंपाचा एक होणार. १४४० ला ८ नें भागिलें असतां १८० येतात. पाण्यानें भरलेली बादली जोरानें गरगर फिरविली तर पाणी सांडत नाहीं, हें प्रत्येकानें पाहिलेलें आहे. आमच्या पिंपांतही तेंच घडत होतें. एवढ्या व्यासाच्या पिंपानें मिनिटास सुमारें ८६ फेरे घेतले, कीं आंतील वस्तु माथ्यावरून खालीं पडतच नाहींत; त्या भिंतीस चिकटून पिंपाबरोबर फिरतात. वस्तु एकमेकींवर घासल्या नाहींत तर उजळणार कशा? त्या वर चढून सतत कोसळत राहाव्या, यासाठीं वेग त्याच्या निम्म्याहूनही कमी हवा. मोटरीवर ५ सेंटिमीटरांची व रुळावर २५ सेंटिमीटरांची पुली बसवून पट्टा चढविला, तर वेग पांचपटीनें उतरून ३६ फेऱ्यांवर येईल, असा हिशेब निघाला. लहान पुली आमच्याजवळ होती. मोठी कोठें मिळेना, आणि यंत्र आठ दिवस तसेंच पडून राहिलें.

त्या आठ दिवसांत, भरड्यांत कोणतें पॉलिश घालावें याचा शोध आम्ही करीत होतों. पुंगळ्या उजळणाऱ्यांच्या लिखाणांत एक सूचना पुनःपुन्हां आढळली, ती ही कीं, अमोनिया असलेलें पॉलिश काडतुसाच्या पितळेस लावूं नये. कां लावूं नये, याचा मागोवा घेतां घेतां जें वाचनांत आलें, तें विद्यार्थ्यांनीं लक्षपूर्वक वाचावें.

काडतुसाच्या पितळेंत सुमारें ७० भाग तांबें व ३० भाग जस्त असतें. तिची एक जाड चकती घेऊन ती यंत्रानें दाबीत व ओढीत नेतात आणि तिचें लांब नळकांडें करितात. या ओढाताणीनें धातु कठीण होतो व त्याच्या अंगांत एक ताण कोंडून राहतो. वरून पाहणाऱ्यास त्याची कांहींच खूण दिसत नाहीं. ब्रिटिश अमदानींत हिंदुस्थानांतील लष्कराचीं काडतुसें पावसाळ्यांत घोड्यांच्या तबेल्यांत सांठवून ठेवीत असत. पावसाळा सरल्यावर पाहावें, तों पुष्कळ पुंगळ्यांस भेगा पडलेल्या! कोणी त्या आपटल्या नव्हत्या, कोणी त्यांस हातही लाविला नव्हता. हा प्रकार पावसाच्या हंगामांत होई, म्हणून त्यास ‘सीझन क्रॅकिंग’, म्हणजे हंगामी भेग, असें नांव पडलें. १९२१ सालीं मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या संशोधकांनीं त्याचा उलगडा केला. घोड्यांच्या मूत्रापासून अमोनिया वायु निघतो. दमट हवेंत तो पितळेवर आपलें काम करितो, आणि जेथें धातूच्या अंगांत ताण कोंडलेला असेल, तेथें तिला चिरीत जातो. ताण नसेल तर अशी भेग पडत नाहीं. आणि पुंगळी तयार झाल्यावर ती बेतानें तापविली म्हणजे तो ताण निघून जातो, हा त्यावरील उपायही हातीं आला.

तबेल्याचा उल्लेख वाचतांच आमचें वाचन तेथेंच थांबलें. आमच्या कोठीच्या खोलीची मागची भिंत म्हणजे शेळ्यांच्या गोठ्याची भिंत होय. पावसाळ्यांत त्या खोलींत शिरलें, कीं डोळे चुरचुरतात. एक फुलदाणी तेथें चार महिने राहिली व भंगली. तिचीच जोडीदारीण आमच्या घरीं कोरड्या खोलींत राहिली व शाबूत आहे. शिवाय पाकळ्या करण्यासाठीं जेथें पितळ ठोकिली होती, तेथूनच भेग निघाली होती. आणखी एक गोष्ट आठवली. फुलदाणी कोठींत पाठविण्यापूर्वीं आम्हींच तिला पॉलिश चोळलें होतें, आणि आतां ही पावसाळाभर चकचकीत राहील असें मुलांस सांगितलें होतें. डबी काढून पाहिली. तिच्यावरील घटकांच्या यादींत अमोनिया होता.

त्याच रात्रीं बॅटरी घेऊन मंदिरांत गेलों व फुलदाणी नीट न्याहाळली. पातळ पितळेची ती वस्तु फरशीवर पडली असती, तर कोठें तरी पोंचा आला असता. पोंचा नव्हता, ओरखडाही नव्हता. केसासारखी बारीक अशी ती एकच भेग होती. हें सर्व मागील वर्षींही आमच्या डोळ्यांसमोर होतें. आम्हीं मुलाच्या तोंडाकडे पाहिलें, फुलदाणीकडे पाहिलें नाहीं. विज्ञानाच्या तासाला जो मनुष्य ‘आधीं निरीक्षण, मग अनुमान’ असें फळ्यावर लिहून देतो, त्यानें एका मुलाच्या अब्रूच्या बाबतींत मात्र आधीं अनुमान केलें व निरीक्षण केलेंच नाहीं. गोठ्याचा वायुच भेगेचें कारण होता, याची प्रयोगशाळेंतील सिद्धता आमच्याजवळ आजही नाहीं. परंतु मुलाच्या विरुद्ध तर कसलाच पुरावा नव्हता.

झोंप लागली नाहीं. खरें सांगावयाचें तर मनांत अनेक पळवाटा आल्या. त्यास एकांतांत बोलावून दोन गोड शब्द बोलावे. किंवा एखादें बक्षीस देऊन भरपाई करावी. वर्गापुढें बोललों तर शिक्षकाचा वचक राहणार नाहीं. गोष्ट जुनी झाली, मुलें विसरलींही असतील. परंतु आरोप ज्यांच्यादेखत केला, त्यांच्यादेखतच तो परत घेतला पाहिजे, याहून दुसरा मार्ग दिसेना. आपल्या भावाच्या मनांत आपल्याविषयीं कांहीं आहे असें आठवलें, तर अर्पण वेदीपुढें ठेवून आधीं त्याच्याशीं समेट करावा, ही प्रभूची शिकवण आम्हीं मुलांस किती वेळां सांगितली असेल! येथें तर वेदीवरचीच वस्तु कारण झाली होती.

दुसऱ्या दिवशीं नववीच्या वर्गांत फुलदाणी नेऊन टेबलावर ठेविली. हंगामी भेगेची सर्व हकीकत सांगितली, आणि शेवटीं त्या मुलाचें नांव घेऊन म्हटलें, “मागील वर्षीं मीं तुला खोटा ठरविलें. तूं खरें बोलत होतास. चूक माझी होती. मला क्षमा कर.”

वर्गांत अगदीं शांतता झाली. तो मुलगा उभा राहिला. क्षणभर त्यास शब्द सुचेना. मग तो हळूच म्हणाला, “मीं तेव्हांच सांगितलें होतें, सर.”

त्यांत उद्धटपणा मुळींच नव्हता. तें ऐकून घेणें आमच्या वांट्यास आलें होतें, आणि तें आम्हीं ऐकून घेतलें. संध्याकाळीं त्याच्या वडिलांसही चिठ्ठी लिहिली. कारण मागील वर्षीं शाळेंत काय झालें तें घरीं कळल्यावर त्यास तेथेंही बोलणीं खावीं लागलीं होतीं, असें त्याच्या वर्गमित्रांकडून समजलें. शाळेंतून निघालेला एक अविचारी शब्द किती दूर जातो, हें आम्हां शिक्षकांस सहसा दिसत नाहीं.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं तो मुलगा सायकलच्या मागें पोत्यांत गुंडाळलेली कांहीं जड वस्तु घेऊन आला. त्याचे वडील पिठाच्या गिरण्या व पंप दुरुस्त करण्याचा धंदा करितात, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. पोत्यांत पुली होती.

“बाबांनीं दिली आहे, सर. २५ सेंटिमीटरांचीच आहे. भोंक जरा मोठें आहे, पण बुश घातला कीं बसेल.”

बुश त्यानेंच बसविला. पिंपाच्या आंतल्या गुळगुळीत अंगावर माल नुसताच घसरतो, हेंही त्यानेंच ओळखलें, आणि आंत तीन लांकडी पट्ट्या उभ्या चिकटविल्या, म्हणजे त्या माल उचलून वर नेतील. इतरांनीं वाट्या उकळत्या पाण्यांत घालून मेण काढून घेतलें व त्या कोरड्या केल्या. मक्याचीं वाळलेलीं कणसें खलांत कांडून व चाळून तांदुळाच्या कणीएवढा भरडा केला. त्यांत अमोनिया नसलेलें पॉलिश चमचाभर घातलें, पिंप निम्म्याहून थोडें अधिक भरलें आणि कळ दाबिली. या वेळीं आंतून पत्र्यावर पावसाची सर यावी तसा एकसारखा आवाज येऊं लागला. चार तासांनीं पिंप उघडलें. वेलबुट्टीची रेघन् रेघ स्वच्छ झाली होती, आणि जेथें आमचें बोट आजवर कधीं पोंचलें नव्हतें तो तळही उजळला होता.

ज्यांस घरीं असें यंत्र करावयाचें असेल, त्यांच्यासाठीं दोन सूचना. भरडा नेहमीं उघड्या हवेंत, नाकाला फडकें बांधून चाळावा. पुंगळ्या उजळणारे तर याविषयीं फार जपतात, कारण काडतुसाच्या काजळींत शिसें असतें व तें धुळीबरोबर पोटांत जातें. दुसरी सूचना चिंचेसंबंधीं. आमच्या एका उत्साही विद्यार्थ्यानें चार वाट्या रात्रभर चिंचेच्या दाट पाण्यांत ठेविल्या. सकाळीं त्या तांबूस निघाल्या. आम्ल फार वेळ राहिलें म्हणजे पितळेंतील जस्त निघून जातें व पृष्ठभागावर तांबें उरतें. चिंच दहा मिनिटें पुरे.

वाट्या इतक्या सुंदर निघाल्या, तेव्हां फुलदाण्याही पिंपांत घालाव्या असें एकानें सुचविलें. आम्हीं नको म्हटलें. उजळतांना मळाबरोबर धातूचाही अल्प अंश जातोच. शंभर वर्षांच्या घासण्यानें १९१७ मधील ७ आधींच पुसट झालेला आहे. त्या ठिपक्यांत एका मनुष्याचें नांव आहे. म्हणून त्या फुलदाण्या आतां केवळ मऊ फडक्यानें व साध्या साबणाच्या पाण्यानें पुसून कोरड्या करावयाच्या, असें ठरलें.

एक काम उरलें होतें. त्या वृद्ध बाईंकडे जाऊन सर्व हकीकत सांगावयाची होती. त्यांनीं भेगेवरून बोट फिरविलें व विचारलें, “पोराला बोल लावलात ना, मास्तर?”

“होय, आजी.”

“मग भेगेचं राहूं द्या. नाताळाला त्याला माझ्याकडे जेवायला घेऊन या.”

नाताळच्या रात्रीं ४८ वाट्यांतून ज्योती लागल्या, आणि वेदीच्या दोहों बाजूंस दोन्ही फुलदाण्या उभ्या राहिल्या. भेगेची बाजू भिंतीकडे करावी, असें कोणी तरी म्हणालें. आम्हीं ती मंडळीच्या समोर राहूं दिली.